धागा: पिग्मीची मशीनं संध्याकाळी एकदम सिंक झाली की सर्व्हर अडकूलाय आणि शिल्लक पण चुकूलीय, लॉकचं नेमकं काय करायचं?

शहापूर_पेठ | सोमवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळूलोय, बेळगावातलीच, नाव सांगत नाही. जुनं जावा, टॉमकॅट, मागं मायएसक्यूएल, आणि बऱ्याच जणांचे हात फिरलेला कोड. पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणारे एजंट दिवसभर गल्लीगल्लीत फिरून मशीनवर जमा घेतात आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला सगळे एकदमच शाखेत येऊन मशीन सिंक करतात, त्याच वेळेला काउंटरला पण गर्दी.

भानगडी दोन. कधीकधी खात्याची शिल्लक चुकते, म्हणजे कॅश जुळते खरं पिग्मीची खतावणी आणि जनरल लेजर जुळत नाही. दुसरं म्हणजे मधेच सगळं गोठतं, काउंटरचा स्क्रीन पण हलत नाही, आणि मिनिटभरानं आपोआप सुटतं. कधी कधी मात्र सुटतच नाही, मग टॉमकॅट रिस्टार्ट. आणि मी बघायला बसलो की एकदा पण होत नाही, सगळं गुळगुळीत.

कोडचा सांगाडा असा आहे (नावं मराठीत केलोय):

क्लास खातं
– जमा(रक्कम): शिल्लक वाढव, डेटाबेसात लिही, एसएमएस पाठव
– काढ(रक्कम): शिल्लक कमी कर, डेटाबेसात लिही, एसएमएस पाठव
– वर्ग(दुसरं खातं, रक्कम): काढ(रक्कम), मग दुसरं.जमा(रक्कम)

पिग्मीखातं हा त्याचा सबक्लास, त्यात जमा ओव्हरराइड करून (स्वतःची वेगळी लिहून) एजंटचं कमिशन पण वाढवलंय. खात्याची ऑब्जेक्टं मेमरीत कॅशे करून ठेवलीत, सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) तीच वापरतात. काही मेथडला सिंक्रोनाइज्ड (त्या ऑब्जेक्टचं लॉक, आत एका वेळी एकच थ्रेड) आहे, काहीला नाही, का ते कुणालाच ठाऊक नाही.

उद्यमबाग_सीएनसी | सोमवार, रात्री १०:०५

यात एवढं विचारायचं काय आहे गा? सगळ्या मेथडला सिंक्रोनाइज्ड लाव आणि मोकळा हो. आमच्या मशीन शॉपच्या डेटा लॉगरला तसंच लावून टाकलोय, वर्षानुवर्षं चालूलाय, कधी तक्रार नाही.

चिकोडीचा_बाळू | सोमवार, रात्री १०:२०

मी पतसंस्थेत क्लार्क होतो, कॉम्प्युटर यायच्या आधीपासून. तेव्हा खतावणीचं पुस्तक एकच, ते ज्याच्या टेबलावर त्यानंच लिहायचं, दुसरा उभा राहून वाट बघायचा. शिल्लक चुकायची ती बेरजेत, अशी हवेत नाही चुकायची. बाकी तुमचं चालू दे, मी वाचूलोय.

खानापूरचे_मास्तर | सोमवार, रात्री १०:४८

बाळू, तुम्ही त्या पुस्तकाचं बोललात तेच लॉक. थ्रेड कितीही असू देत, लिहिणारा एका वेळी एकच.

शहापूरकर, आधी पहिली भानगड घ्या. "शिल्लक = शिल्लक + १००" ही तुम्हाला एक ओळ दिसते खरं मशीनला ती तीन कामं आहेत: वाचायचं, मिळवायचं, परत लिहायचं. आता समजा खात्यात ४,२०० आहेत. एजंटच्या सिंकचा थ्रेड ४,२०० वाचतो. तो १०० मिळवणार एवढ्यात काउंटरचा थ्रेड पण ४,२०० वाचतो, त्यातनं २,००० काढून २,२०० लिहितो. मग पहिला थ्रेड शांतपणे आपले ४,३०० लिहितो. दोन हजार रुपये हातात देऊन झालेत आणि खात्यात ४,३०० दिसूल्यात. यालाच रेस कंडिशन म्हणतात, कोण आधी पोचलं यावर उत्तर ठरतं.

आणि गंमत बघा, उलट झालं असतं, म्हणजे काउंटरचा थ्रेड शेवटी लिहिला असता, तर ग्राहकाचे १०० गेले असते आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी पासबुक घेऊन दारात उभा राहिला असता. दोन हजार जास्त दिसणारा येत नाही. म्हणून अशा चुकांच्या तक्रारी जेवढ्या आल्यात त्यावरून चुका किती झाल्यात ते धरू नका.

आता सीएनसीवाल्यांचा उपाय. जमा आणि काढ दोन्हीला सिंक्रोनाइज्ड लावलं की वरची चूक थांबते हे खरं. खरं काउंटरच्या स्क्रीनचा कोड बघा, बहुतेक असा असणार: आधी खातं.शिल्लक() विचारायचं, २,००० च्या वर असली तर खातं.काढ(२०००) करायचं. दोन्ही मेथड सिंक्रोनाइज्ड आहेत, तरी दोन्हीच्या मधे फट राहिली की! विचारलं तेव्हा पैसे होते, काढायला गेलं तोवर दुसऱ्या थ्रेडनं नेले. लॉक मेथडला लावायचं नसतं, नियमाला लावायचं असतं. "शिल्लक शून्याच्या खाली जायची नाही" हा नियम, आणि तो तपासणं व पाळणं दोन्ही एकाच लॉकच्या आत पाहिजे. म्हणजे तपासणी काढ() च्या आत न्या, बाहेरच्याला फक्त जमलं का नाही तेवढं सांगा. ऑब्जेक्ट ओरिएंटेडचा इथं फायदाच आहे, शिल्लक प्रायव्हेट असेल तर निदान एका क्लासमधेच शोधायचं असतं.

अजून एक, शिल्लक() नुसती वाचते म्हणून तिला लॉक नको असं समजू नका. एका थ्रेडनं लिहिलेलं दुसऱ्याला दिसेलच अशी खात्री लॉक किंवा व्होलाटाइल (ताजीच किंमत वाचायला लावणारा शब्द) असल्याशिवाय जावा देत नाही. २००४ ला जावा ५ आलं तेव्हा मेमरी मॉडेल नीट लिहून काढलं, त्यात हे सगळं आहे.

व्हीटीयू_सिक्स्थ_सेम | सोमवार, रात्री ११:१५

सर, एक डाउट. हॅशमॅपच्या (क्रमांकावरनं खातं शोधायच्या तक्त्याच्या) जागी कॉन्करंट हॅशमॅप वापरला तर हे सगळं होत नाही ना? आमच्या लॅबमधे तसं सांगितलेलं.

खानापूरचे_मास्तर | सोमवार, रात्री ११:३१

मॅप सांभाळला जातो बाळा, मॅपमधल्या खात्याचं काय? आणि मॅपवर पण "आहे का बघ, नसेल तर घाल" असं दोन पायऱ्यांत लिहिलंस तर तीच फट. दोन थ्रेडना एकाच खात्याची दोन वेगवेगळी ऑब्जेक्टं मिळतील, मग लॉक पण दोन आणि दोघं आपापलं लॉक धरून खुशाल चुका करत बसतील. त्यासाठी कॉम्प्युट-इफ-ॲबसेंट आहे, एकाच पायरीत होतं. शहापूरकर, तुमच्या कॅशेत हे आहे का तेवढं बघून घ्या.

शहापूर_पेठ | मंगळवार, रात्री ८:१०

मास्तर, कॅशेत अगदी तसंच होतं, नसेल तर घाल, दोन ओळींत. ते बदललो. टेस्ट सर्व्हरवर सगळ्या मेथडला सिंक्रोनाइज्ड पण लावलो आणि स्क्रिप्टनं दणादण लोड टाकलो. शिल्लक आता चुकत नाही, खरं अडकायचं लईच वाढलं. जेस्टॅक (कुठला थ्रेड कुठं थांबलाय त्याची यादी) काढला तर शेवटी "फाउंड वन जावा-लेव्हल डेडलॉक" आणि खाली दोन थ्रेड. एक पिग्मीखातं धरून कर्जखात्याची वाट बघूलाय, दुसरा कर्जखातं धरून पिग्मीखात्याची. दुसऱ्यांदा काढला तर एक खातं धरून एजंटची वाट बघूलाय आणि दुसरा एजंट धरून खात्याची. एजंट कुठनं आला मधेच?

उद्यमबाग_सीएनसी | मंगळवार, रात्री ८:२२

आमच्या लॉगरमधे एकच ऑब्जेक्ट आहे, म्हणून कधी झालं नसणार. बरं, पुढं सांगा मास्तर.

खानापूरचे_मास्तर | मंगळवार, रात्री ९:४०

पहिला डेडलॉक पुस्तकी आहे. वर्ग() सिंक्रोनाइज्ड, म्हणजे स्वतःचं खातं धरलं, मग आत दुसरं.जमा() केलं की दुसऱ्याचं पण धरायला गेलं. एकीकडं एजंटच्या सिंकमधनं पिग्मीतली रक्कम कर्जाच्या हप्त्याला वर्ग होतेय, त्याच मिनिटाला काउंटरवर त्याच सभासदाचं कर्ज बंद करून जादा आलेली रक्कम पिग्मीत परत वर्ग होतेय. एकानं पिग्मी धरली, एकानं कर्ज, दोघं एकमेकांकडं बघत बसले. जावा यातनं कुणालाच उठवत नाही, रिस्टार्ट करेपर्यंत तसेच. तुमचं "कधी कधी सुटतच नाही" ते हेच.

यावरचा उपाय जुना आणि साधा: दोन खाती धरायची असतील तर ज्याचा खातेक्रमांक लहान ते आधी, पैसे कुठल्या दिशेनं जाऊलेत याचा संबंधच नाही. सगळेच एका क्रमानं धरायला लागले की गोल पूर्ण होत नाही. सिक्स्थ सेमवाल्यानं सांगावं, तुला परीक्षेला येतं ते.

व्हीटीयू_सिक्स्थ_सेम | मंगळवार, रात्री ९:५५

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांचा पेपर, १९७१. डेडलॉक व्हायला चार अटी एकदम लागतात: वस्तू एका वेळी एकालाच, एक धरून दुसऱ्याची वाट, हातातली हिसकावता येत नाही, आणि वाट बघणाऱ्यांचा गोल. एक जरी अट मोडली तरी डेडलॉक नाही. क्रम लावला की चौथी मोडते. सर, मग बँकर्स अल्गोरिदम का नको? नावातच बँक आहे, आणि ही तर पतसंस्था 😀

खानापूरचे_मास्तर | मंगळवार, रात्री १०:१२

डायक्स्ट्राच्या त्या अल्गोरिदमला प्रत्येकानं आपल्याला जास्तीत जास्त काय काय लागेल ते आधी सांगावं लागतं. काउंटरवर येणाऱ्या माणसाला विचारणार काय? मार्कांसाठी पाठ कर, इथं क्रमच बरा.

आता एजंट. इथं खरी मेख आहे, आणि ही ऑब्जेक्ट ओरिएंटेडचीच खोड आहे. वर्ग() लिहिणाऱ्यानं जमा() ला हाक मारली, त्याच्या डोक्यात एकच लॉक, खात्याचं. खरं समोरचं ऑब्जेक्ट निघालं पिग्मीखातं, त्याची जमा ओव्हरराइड केलेली, ती आतनं एजंट.कमिशनवाढव() ला हाक मारते आणि एजंटचं लॉक घेते. हाक मारणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. एन्कॅप्सुलेशननं शिल्लक लपवली ते चांगलं, त्याच्या जोडीला लॉक पण लपले. आणि मला खात्री आहे की एजंटच्या क्लासमधे दिवसाची एकूण काढणारी मेथड असणार, ती एजंटचं लॉक धरून एकेका खात्याला शिल्लक विचारत जाते. खातं ते एजंट आणि एजंट ते खातं, झाला की गोल! इथं खातेक्रमांकाचा क्रम काही कामाचा नाही.

म्हणून माझा नियम असा आहे की आपलं लॉक हातात असताना परक्या ऑब्जेक्टला हाक मारायची नाही. ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड, लिसनर, कॉलबॅक, एसएमएस, सगळं परकंच धरायचं. एजंटच्या एकूणमधे लॉक धरून फक्त खात्यांच्या यादीची कॉपी घ्या, लॉक सोडा, मग निवांत विचारत बसा. कमिशन खात्याचं लॉक सुटल्यावर वाढवा. जिथं दोन थर एकदम धरल्याशिवाय गत्यंतरच नाही तिथं थरांचा क्रम लिहून ठेवा, आधी एजंट मग खाती, आणि तो क्लासच्या वर कॉमेंटमधे लिहा, कारण कंपायलर तपासणार नाही. ब्रिंच हॅन्सननं, ज्यानं मॉनिटरची (डेटा आणि त्याचं लॉक एकत्र बांधायची) कल्पना घडवण्यात मोठा वाटा उचलला त्या माणसानं, १९९९ मधे जावावर चिडून एक लेखच लिहिला, की कंपायलरनं तपासणारे मॉनिटर आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी दिले होते आणि तुम्ही सगळं प्रोग्रामरच्या भरवशावर सोडलंय. जरा कडक आहे लेख, खरं चूक म्हणता येत नाही.

उद्यमबाग_सीएनसी | मंगळवार, रात्री १०:३०

ट्रायलॉक वापरला तर? रीएन्ट्रंटलॉक घ्यायचं, दुसरं लॉक थोड्या वेळात मिळालं नाही तर पहिलं पण सोडून द्यायचं आणि परत पहिल्यापासनं.

खानापूरचे_मास्तर | मंगळवार, रात्री १०:४१

चालतं. दोघं एकदम सोडून एकदम परत धरायला लागले तर मात्र नुसती धावपळ, काम शून्य, म्हणून परत धरायच्या आधीची वाट थोडी रँडम ठेवायची. आणि अनलॉक फायनलीतच. क्रम लावणं जमतंय तिथं मी याच्या वाटेला जात नाही.

निपाणी_अक्का | मंगळवार, रात्री ११:२०

मास्तरांचं सगळं पटलं, खरं एका गोष्टीकडं कुणाचंच लक्ष न्हाई. "मिनिटभरानं आपोआप सुटतं" असं लिहिलाय की पहिल्याच पोस्टमधे. जावाचा डेडलॉक आपोआप सुटत नसतोय. आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबीला (आतल्या स्टोरेज इंजिनला) आपला डेडलॉक लगेच कळतोय, तो एकाला बळी देऊन १२१३ चा एरर फेकतोय, मिनिटभर थांबत न्हाई. मग हे मधलं काय?

मी डेटाबेसचंच काम करते म्हणून संशय आला. इनोडीबीची लॉक वेट टाइमआउट डिफॉल्ट ५० सेकंद असती. शहापूरकर, अडकलेलं असतानाच जेस्टॅक काढा, सुटल्यावर न्हवं. त्यात एक थ्रेड ब्लॉक्ड दिसंल आणि तो ज्याच्या मॉनिटरची (जावाच्या लॉकची) वाट बघतोय तो थ्रेड रनेबल दिसंल, खरं सॉकेट रीडमधे बसलेला. रनेबल बघून लोक फसतात, म्हणतात हा चालूच हाय. तो चालू न्हाई, तो डेटाबेसच्या उत्तराची वाट बघतोय. त्याच वेळी मायएसक्यूएलला शो इंजिन इनोडीबी स्टेटस मारा, रो लॉकसाठी (टेबलातल्या एका ओळीच्या लॉकसाठी) थांबलेलं ट्रान्झॅक्शन दिसंल.

आणि सांगा, एका मशीनच्या सगळ्या पावत्या एकाच ट्रान्झॅक्शनमधे जातात काय? कमिट (पक्की नोंद) शेवटी एकदाच?

शहापूर_पेठ | बुधवार, संध्याकाळी ७:१८

अक्का, शंभर टक्के तेच निघालं! आज सहा पंचवीसला गोठलं तेव्हाच काढलो. सिंकचा थ्रेड ब्लॉक्ड, काउंटरचा थ्रेड सॉकेट रीडमधे रनेबल. लॉगमधे १२०५, लॉक वेट टाइमआउट एक्सीडेड. हो, सगळ्या पावत्या एकाच ट्रान्झॅक्शनमधे, शेवटी एजंटची एकूण काढून मग कमिट. आणि जेस्टॅक म्हणतो डेडलॉक नाही!

निपाणी_अक्का | बुधवार, रात्री ९:०५

मग झालं असं. सिंकनं सखाराम म्हणा, कुणाच्या तरी खात्यात जमा केलं. जावाचं लॉक मेथड संपल्यावर सुटलं, खरं डेटाबेसातली रो कमिट होईपर्यंत त्याच्याच हातात. इकडं काउंटरवर त्याच खात्यातनं पैसे काढायला घेतले, त्या थ्रेडनं जावाचं लॉक घेतलं आणि रो मागत बसला. तिकडं सिंक शेवटी एकूण काढायला आला, त्यात त्या खात्याची शिल्लक विचारायला जावाचं लॉक पायजे, ते काउंटरकडं. गोल पूर्ण, खरं अर्धा जावात आणि अर्धा डेटाबेसात. जेस्टॅकला फक्त आपला अर्धा दिसतोय, इनोडीबीला आपला. दोघं पण म्हणणार सगळं ठीक हाय. ५० सेकंदांनी काउंटरचा दम संपतोय, तो एरर घेऊन बाहेर पडतोय, लॉक सुटतंय, सिंक पुढं सरकतोय.

आता यातली वाईट गोष्ट ऐका. काढ() मधे आधी मेमरीतली शिल्लक कमी करता आणि मग डेटाबेसात लिहिता. डेटाबेसनं एरर दिला तर मेमरीतली परत कोण वाढवतंय? कुणीच न्हाई. म्हणजे तुमची चुकलेली शिल्लक नुसती रेसमुळं न्हवं, यामुळं पण हाय. शिवाय १२१३ मधे अख्खं ट्रान्झॅक्शन मागं जातंय, १२०५ मधे डिफॉल्टला तेवढं एकच स्टेटमेंट. कुणी तो एक्सेप्शन पकडून लॉगमधे लिहून पुढं कमिट केलं असंल तर वर्ग करताना एक बाजू पडली आणि दुसरी न्हाई असं पण झालं असणार.

मी असते तर खात्याच्या शिल्लकेचा मालक डेटाबेसच ठेवला असता आणि मेमरीतली कॅशे काढून टाकली असती. अपडेट खाते सेट शिल्लक = शिल्लक वजा २००० व्हेअर क्रमांक अमुक अँड शिल्लक मोठी किंवा समान २०००. एक रो बदलली तर पैसे द्या, शून्य आल्या तर शिल्लक न्हाई म्हणून सांगा. तपासणी आणि काढणं एकाच फटक्यात. जावाचं लॉकच नको. तसं पण सिंक्रोनाइज्ड एका जेव्हीएमपुरतं (एका चालू जावा प्रोग्रामपुरतं) असतंय, उद्या निपाणीला शाखा काढून दुसरा सर्व्हर लावला की ते लॉक शोभेपुरतं.

चिकोडीचा_बाळू | बुधवार, रात्री ९:३०

आवो ते मास्तरांचं लॉक सोडून शिल्लक विचारायचं म्हणालासा ना, तिथं मॅनेजर ओरडणार बघा. एकूण काढता काढता कुणीतरी मधेच पैसे काढलं तर एजंटची एकूण कुठल्याच क्षणाची खरी एकूण नसणार की.

खानापूरचे_मास्तर | बुधवार, रात्री ९:४४

बाळू, एकदम बरोबर पकडलात, ही किंमत आहेच. स्क्रीनवर दाखवायला ती एकूण चालते, डे-एंडला सही करायला चालत नाही. डे-एंडचा आकडा पावत्यांच्या नोंदींची बेरीज करून काढावा, खात्यांना विचारत फिरून नाही. आणि अक्कांच्या वाटेनं गेलात तर एका ट्रान्झॅक्शनमधे इनोडीबी एकाच क्षणाचं चित्र देतो, तो प्रश्न तिथं बराचसा मिटतो.

उद्यमबाग_सीएनसी | बुधवार, रात्री १०:०२

मग डेटाबेसवर टाकलं की डेडलॉक संपले म्हणायचं?

निपाणी_अक्का | बुधवार, रात्री १०:१५

संपत न्हाईत दादा, तिथं सापडतात एवढंच. म्हणून पावत्या टाकायच्या आधी खातेक्रमांकानं सॉर्ट करून घ्या, मास्तरांचा क्रम इथं पण तोच. ट्रान्झॅक्शन छोटं ठेवा, आणि १२१३ आला की अख्खं ट्रान्झॅक्शन परत चालवा. खरं परत चालवायचं म्हणलं की मशीन नंबर आणि पावती नंबर मिळून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा घालू न देणारी) लावल्याशिवाय करू नका. न्हाईतर सिंक अडकलं की एजंट परत बटण दाबणार आणि तीच जमा दोनदा पडणार. एसएमएस कमिटनंतरच, वेगळ्या रांगेतनं. न्हाईतर एसएमएसचा गेटवे संथ असला की लॉक तेवढा वेळ हातातच अडकून राहतंय.

शहापूर_पेठ | गुरुवार, रात्री ८:५०

युनिक की लावायला गेलो तर लागेना, आधीच डुप्लिकेट पावत्या आहेत टेबलात 😬 एसएमएस बाहेर काढलो, पावत्या सॉर्ट केलो, अपडेट अक्का म्हणाल्या तसं. टेस्टवर लोड टाकून बघूलोय, अजून तरी गोठलं नाही. १२१३ एखादा येतो आणि परत चालवल्यावर पार पडतो. आता जुन्या चुकलेल्या शिल्लका कशा सुधारायच्या? नोंदींची बेरीज करून सरळ अपडेट मारू काय?

निपाणी_अक्का | गुरुवार, रात्री ९:१२

सरळ मारू नका. डुप्लिकेट पावत्या आधी वेगळ्या काढा, कारण त्या बेरजेत पण दोनदा आल्यात. एकाच मशीनची, एकाच नंबरची, तीच वेळ आणि तीच रक्कम असली तर डुप्लिकेट, वेळ वेगळी असंल तर एजंटच्या मशीनमधला रोल बघा, नंबर रिसेट झालेला असू शकतोय. मग खातेवार फरकाची यादी करा, जास्तीची वेगळी आणि कमीची वेगळी.

चिकोडीचा_बाळू | गुरुवार, रात्री ९:२०

आणि ती यादी मॅनेजरच्या सहीनं ऑडिटरकडं जाऊ दे, त्यानंतर दुरुस्तीची नोंद टाका, तारीख त्या दिवसाची. मागच्या तारखेत काही घालू नकोस पोरा, त्यावरनं लई रामायण होतंय. यादीत एखादा सभासद वारलेला असंल तर मला विचार, त्याचं वेगळं असतंय.

शहापूर_पेठ | गुरुवार, रात्री ९:३५

बरं काका. यादीत दोघं तसे आहेत, उद्या फोन करतो.